पासोडी, पोथी आणि वाचनयंत्रें

मराठी ग्रंथांचा इतिहास लिहितांना कवीनें काय लिहिलें याची चर्चा पुष्कळ होते. तें कशावर लिहिलें आणि वाचणारानें तें कसें हाताळलें, याची क्वचितच होते. हल्लीं अनेक घरांत ई-पुस्तकें वाचण्यासाठीं किंडल घ्यावें कीं कोबो, असा प्रश्न निघतो व दोहोंच्या सोयींची यादी पुढें येते. या यादीची परीक्षा करण्याचें माप बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईंत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

अंबाजोगाईस राहून विपुल ग्रंथरचना करणारे दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं आपलें ‘पंचीकरण’ एका पासोडीवर, म्हणजे जाड सुती वस्त्रावर लिहिलें. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद असें तें वस्त्र त्या गांवीं अद्याप जतन केलेलें आहे. पासोडी पसरली म्हणजे विषयाचा बराच भाग एकदम डोळ्यांपुढें येतो. पण ती मांडीवर घेऊन वाचतां येत नाहीं. पोथीचीं सुटीं पानें हातांत मावतात. पण तिचें एका वेळीं एकच पान दिसतें. साधन कोणतेंहि असो, वाचकास वाट दाखवितो तो ओवीचा क्रमांक. अक्षर लहान असो वा मोठें, अध्याय आणि ओवी सांगितली कीं पैठणचा व अंबाजोगाईचा वाचक एकाच स्थळीं येतात.

किंडल २००७ सालीं निघालें, तेव्हां हीच अडचण नव्यानें उभी राहिली. अक्षर मोठें केलें कीं पान बदलतें. म्हणून पृष्ठांकाऐवजीं स्थानांक द्यावा लागला. छापील प्रतीचे पृष्ठांक कांहीं पुस्तकांस २०११ पासून जोडले गेले. म्हणजे ओवीक्रमांकाचीच युक्ति यंत्रास पुन्हां शोधावी लागली.

अक्षर वाढविणें, शब्द शोधणें, कोश पाहणें, ओळीवर खूण करून टिपण लिहिणें, या सोयी किंडलांत आहेत, तशा २०१० सालीं आलेल्या कोबोंतहि आहेत. किंडलच्या दुकानांत २०१६ पासून मराठी पुस्तकेंहि मिळतात. खरा भेद ग्रंथाच्या रूपांत आहे. ‘ईपब’ ही सर्वांस खुली असलेली रचना कोबो थेट वाचतें. किंडलकडे ती २०२२ पासून पाठवितां येते, परंतु तेथें ती त्याच्या स्वतःच्या रूपांत बदलली जाते. कोबोच्या दुकानांतील पुष्कळ पुस्तकांसहि कुलूप असतेंच, हेंहि सांगितलें पाहिजे.

या कुलपाचा अर्थ २००९ सालीं दिसला. विकणारास हक्क नव्हता म्हणून ऑर्वेलचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या किंडलांतून दुरूनच पुसण्यांत आलीं. पैसे परत मिळाले, कंपनीनें क्षमाहि मागितली. पण एका विद्यार्थ्याचीं टिपणें मूळ ग्रंथ गेल्यानें निराधार झालीं. पुढें फेब्रुवारी २०२५ मध्यें विकत घेतलेलें पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची किंडलची सोयहि बंद झाली.

म्हणून सोयींची संख्या मोजण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: आपण केलेली खूण दुसऱ्या साधनावर नेतां येईल काय? आणि दुकान मिटलें तरी ग्रंथ उघडेल काय? ज्यांस एकदां वाचून पुस्तक बाजूस ठेवावयाचें आहे, त्यांस कोणतेंहि यंत्र चालेल. ज्यांस तें टिपणांसह मुलांच्या हातीं द्यावयाचें आहे, त्यांनीं खुल्या रूपांतील कुलूप नसलेली प्रत घ्यावी, व ती थेट वाचणारें यंत्र पसंत करावें. दासोपंतांची पासोडी चारशें वर्षांनंतरहि उलगडतां येते; तीस विक्रेत्याची परवानगी लागत नाहीं.