तळटीप : सावित्रीवरचा जुना पूल

४. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा हा दगडी कमानींचा पूल ब्रिटिश अमदानीत, १९२८ साली बांधला गेला. शेजारी नवा पूल झाल्यावरही मुंबईकडे जाणारी वाहने जुन्यावरूनच जात. लेखक ‘दोन पूल’ म्हणतात ते यामुळे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि जुना पूल कोसळला. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एसटी गाड्या इतर वाहनांसह वाहून गेल्या. दगडी कमान वरचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलते. पाण्याने पाया उकरला जातो, तो मात्र रस्त्यावरून दिसत नाही. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत झाला (खुला : ५ जून २०१७). एवढी तत्परता आपल्याकडे दुर्घटनेनंतरच सुचते. प्रस्तुत प्रवास अर्थातच त्याआधीचा.