पाच डॉलरांची सायकल

यंत्रांचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या दिशेने लिहिला जातो. एखादा कल्पक अभियंता, त्याला मिळालेले भांडवल, यंत्रांची घरघर आणि अखेरीस दुकानाच्या काचेआड मांडलेली झगझगीत वस्तू, असा त्याचा ठरीव क्रम असतो. परंतु काही वस्तूंची जन्मकथा या क्रमाच्या नेमकी उलटी असते. आज जगातील असंख्य शहरांत लोक ज्या सायकलीवर बसून कामावर जातात, त्या 'माउंटन बाइक'ची, म्हणजे डोंगरी सायकलीची, कथा अशीच आहे. तिचा आरंभ भंगाराच्या कोपऱ्यातून उचललेल्या जुन्या सायकलींपासून झाला.

या कथेचे मूळ 1933 सालात आहे. अमेरिका त्या वेळी महामंदीच्या खाईत होती आणि सायकलीचा धंदा जवळजवळ बसला होता. शिकागो येथील श्विन या कारखान्याचे फ्रँक श्विन यांनी त्या वर्षी जर्मनीतील रुंद टायरांच्या धर्तीवर एक नवी सायकल बाजारात आणली. तिचे टायर 26 इंच व्यासाचे आणि सव्वादोन इंचांच्या जवळपास रुंद होते, व आत हवेची स्वतंत्र ट्यूब होती. फुग्यासारख्या या टायरांना 'बलून टायर' असे नाव पडले. सायकल वजनाला जड, पण सांगाडा भक्कम आणि हँडल ऐसपैस. घरोघर वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलांची ती लाडकी झाली, कारण खड्डे, फूटपाथांच्या कडा आणि पाठीवरचे ओझे हे सारे ती मुकाट्याने सोसत असे.

पुढे महायुद्ध आले, मुले मोठी झाली, घरोघर मोटारी आल्या. 1970 नंतर अमेरिकेत सायकलीची पुन्हा एकदा लाट आली आणि 1973 मध्ये तर एका वर्षात सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. मात्र ही लाट बारीक टायरांच्या, हलक्या, दहा गिअरच्या सायकलींची होती. वर्तमानपत्रवाल्या मुलांच्या त्या जाडजूड सायकली परसदारी, तळघरात आणि दुकानांच्या मागील अडगळीत गंजत पडल्या.

अशाच एका दुकानात 1973 मध्ये जो ब्रीझ नावाचा तरुण उभा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मॅरिन परगण्यातील हा सायकलपटू शर्यतीच्या नाजूक सायकली चालवण्यात वाकबगार होता. मार्क व्हेंडेटी या मित्राच्या आग्रहावरून त्याने 1941 च्या बनावटीची एक श्विन सायकल पाच डॉलरांना विकत घेतली. त्या भागातील काही तरुण मंडळी अशा जुन्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या मातीच्या वाटांवर आधीपासूनच उतरत असत. सुमारे 2,570 फूट उंचीच्या त्या डोंगरावर ब्रीझही आपली सायकल घेऊन गेला. डांबरी रस्ता, वाहनांची वर्दळ आणि शर्यतीतील घड्याळाचा काच या साऱ्यांतून सुटल्याचा आनंद त्या पाच डॉलरांत मिळाला. बघता बघता त्याच्या शर्यतपटू मित्रांनी जुन्या सायकलींचा शोध आरंभला. त्यांना त्यांनी 'क्लंकर', म्हणजे खटारा, असे प्रेमाचे नाव दिले.

खटाऱ्यांचा दोष एकच, पण मोठा होता. त्यांना पायडल उलटे दाबले की मागील चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असे. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर दोन मैलांहून किंचित अधिक अंतरात वाट तेराशे फूट खाली येई. तळाशी पोचेपर्यंत तो हब असा तापे की आतील ग्रीसचा धूर होऊन जाई आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत या क्रियेला 'रीपॅक' म्हणतात. म्हणून उताराचे नावही 'रीपॅक' पडले. सर्वांत वेगवान कोण, या वादाचा निकाल लावण्यासाठी 21 ऑक्टोबर 1976 रोजी येथे चार्ली केली यांच्या पुढाकाराने पहिली शर्यत झाली. ती ॲलन बाँड्स यांनी जिंकली, आणि त्याचे कारण असे सांगतात की न पडता तळाशी पोचलेला गडी तो एकटाच होता.

शर्यतीने एक गोष्ट घडवून आणली. जुन्या सायकलीत काय टिकते आणि काय मोडते, हे दर आठवड्याला लख्ख दिसू लागले. उतरणे सोपे, पण चढताना सायकल ढकलावी लागे. गॅरी फिशर यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास आपल्या खटाऱ्याला गिअर आणि हाताने लावायचे ड्रम ब्रेक बसवले. त्यापूर्वीच कुपर्टिनो गावच्या काही तरुणांनी गिअर जोडलेल्या जाड टायरांच्या सायकली 1974 मध्ये मॅरिनमधील एका शर्यतीत आणल्या होत्या. कल्पना एकाच डोक्यातून निघाली नव्हती. गरज एक होती आणि हात अनेक होते.

जुने सांगाडे मात्र मोडू लागले, आणि चांगले जुने सांगाडे मिळेनासे झाले. तेव्हा केली यांच्या सांगण्यावरून जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये उत्तम पोलादी नळ्यांचा नवा सांगाडा स्वतः जोडला. 'ब्रीझर' या नावाची ती सायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. 1979 मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची यांनी जोडलेल्या सांगाड्यांवर 'माउंटनबाइक्स' नावाचा लहानसा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या सायकलीची किंमत तेराशे डॉलरांच्या घरात होती. सहा वर्षांत पाच डॉलरांवरून तेराशे! 1981 मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली 'स्टंपजंपर' आणली आणि डोंगरी सायकल कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडू लागली. अडगळीतल्या वस्तूला प्रतिष्ठा लाभली. 1996 च्या अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये तिची शर्यतही झाली.

परंतु इतिहासाला येथे एक वळण आहे. डोंगरासाठी बनलेल्या सायकलींपैकी कितीतरी डोंगरावर कधी गेल्याच नाहीत. डोंगरही त्यांना सर्वत्र मोकळा राहिला नाही. पायी आणि घोड्यावरून जाणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 1984 मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने आपल्या अखत्यारीतील संरक्षित रानप्रदेशांत सायकलीला स्पष्ट मनाई केली. उलट शहराने मात्र तिला जवळ केले. कारण उघड आहे. खड्डे, लोखंडी जाळ्या, फुटक्या काचा आणि क्षणोक्षणी ब्रेक हा शहरातला नित्यक्रम रानवाटेहून फारसा वेगळा नसतो. जाड टायर, ताठ बसण्याची सोय, चढणीला हलका गिअर आणि खात्रीचा ब्रेक या गुणांमुळे 1987 मध्ये सिॲटल शहराच्या पोलिसांनी गर्दीतील गस्तीसाठी हीच सायकल निवडली. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाचा वारसा असा पुन्हा रस्त्यावर आला.

आणि मग ती पुन्हा जुनीही झाली. या जुनेपणामागे झीज थोडी आणि फॅशन फार. 1933 च्या बलून टायरापासून चालत आलेला 26 इंची चाकाचा घाट पाऊणशे वर्षांहून अधिक टिकला; पुढे मोठ्या चाकांचे वारे सुटले, त्याच्या प्रवर्तकांत फिशरही होते, आणि नव्या डोंगरी सायकलींतून 26 इंची चाक मागे पडले. म्हणून 1980 ते 1995 या काळातील चांगल्या, पोलादी, ताठ चिमट्याच्या सायकली पाश्चात्त्य देशांत स्वस्तात मिळू लागल्या. त्यांतील पुष्कळांच्या सांगाड्यावर मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्यासाठी भोके असतात. खाचखळग्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर चढवले की कामावर जाण्यायेण्याचे उत्तम वाहन तयार होते.

मात्र पारख हवी, आणि ती पारख रीपॅकच्या उतारावर शिकलेल्या धड्यांहून वेगळी नाही. हँडलखालच्या सांध्यामागे रंगाला सुरकुत्या असतील तर सायकल कोठेतरी समोरून आदळली आहे, असे समजावे आणि परतावे. बारा इंचांच्या मापात चेन एक अष्टमांश इंचाने लांबली असेल तर दातेरी चक्रेही झिजली आहेत, आणि तो खर्च किमतीत धरावा. चाक फिरवून त्याचा आउट पाहावा. ब्रेकने रिमची कड आत खचली आहे का, ते बोटाने चाचपावे. सीटचा दांडा वरखाली होतो की गंजून सांगाड्यात कायमचा बसला आहे, तेही पाहून घ्यावे. उंची जुळली नाही तर फुकटही घेऊ नये. धक्के शोषणाऱ्या स्वस्त चिमट्यांचा मोह टाळावा. ते वजन वाढवतात आणि लवकर खिळखिळे होतात.

जो ब्रीझ यांच्या पुढील आयुष्यात या कथेचे मर्म सापडते. शर्यती, कीर्ती आणि संग्रहालय यांनंतर, 2000 च्या सुमारास त्यांनी आपले लक्ष डोंगरावरून रोजच्या रस्त्याकडे वळवले आणि दिवे, मडगार्ड व कॅरिअर मुळातच बसवलेल्या कामावर जाण्याच्या सायकली बनवण्यास आरंभ केला. ज्याने पाच डॉलरांची कामकरी सायकल डोंगरावर नेली, त्यानेच तिला पुन्हा खाली, माणसांच्या नित्याच्या वाटेवर आणले.

वस्तू टाकाऊ ठरते ती बहुधा बाजाराच्या नजरेत. तिच्या अंगची शक्ती मात्र ओळखणाऱ्याची वाट पाहत राहते. 1941 साली घडलेला पोलादी सांगाडा 1973 मध्ये तीन दशकांचा म्हातारा होता, तरी एका नव्या युगाचा भार त्याने पेलला. कोपऱ्यात धूळ खात पडलेली एखादी सायकल आज कोणी पुसून, वंगण घालून, हवा भरून कामावर नेत असेल, तर तोही हाच इतिहास पुढे चालवीत असतो.