जव्हार-मोखाड्याची लोकसंख्या किती? आधी विचारा, कोणत्या महिन्यात मोजली?

प्रबंधात 'अभ्यासक्षेत्राची ओळख' नावाचं एक प्रकरण असतं. भूगोल दोन पानं, इतिहास एक पान, लोकसंख्येचा तक्ता अर्धं पान. बहुतेक जण ते शेवटच्या आठवड्यात उरकतात. मीही तेच केलं होतं. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुका १,४०,१८७, मोखाडा तालुका ८३,४५३, आणि दोन्हीकडे दहातली नऊहून जास्त माणसं अनुसूचित जमातींची. आकडे बरोबर उतरवले होते. मार्गदर्शकांनी तक्त्याशेजारी पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: "महिना कोणता?"

त्याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या ही तीन सुटी उपप्रकरणं नाहीत. एकातून दुसरं निघतं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे आत्ताच समजून घ्या, म्हणजे पुढे पानं परत लिहावी लागणार नाहीत.

भूगोल: पाऊस आहे, पाणी नाही

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, किनारा आणि सह्याद्रीची मुख्य रांग यांच्या मधल्या पठारी भागात आहे. मोखाडा त्याच्या पूर्वेला, नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे धो धो पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमीन उताराची. पाणी मुरत नाही, वाहून जातं. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि पाडे राहतात वर, माळावर. म्हणून एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे बांधलेलं मध्य वैतरणा धरण मात्र मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देऊ शकतं.

पाणी टिकत नाही म्हणून शेती एका हंगामाची. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी. कापणी झाली, दिवाळी झाली की शेतात काम उरत नाही. मग कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. इकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. परततात ते पावसाच्या तोंडावर.

इतिहास: राजधानी होती, तरी शहर लहानच

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. हे राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी राजघराणं. संस्थापक जयबा मुकणे यांची एक गोष्ट ब्रिटिश काळच्या गॅझेटियरमध्येही आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्यांनी मागितली, आणि ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून मोठा मुलूख घेरला. ऐकायला छान आहे. पण अगदी हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगराची राणी डायडो हिच्याबद्दलही सांगतात. एकच गोष्ट दोन टोकांना सापडली, तर ती घटनेची नोंद म्हणून वापरू नका. लोक आपल्या राज्याचा आरंभ कसा आठवतात, याचा पुरावा म्हणून वापरा. दिल्लीच्या सुलतानाने जयबांच्या मुलाला १३४३ मध्ये 'शाह' किताब दिल्याचं परंपरा सांगते.

किनाऱ्याकडून नाशिककडे चढणारी वाट या मुलखातून जात होती, त्यामुळे जागेला महत्त्व होतं. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं त्यामागेही हे महत्त्व दिसतं. पण १८६० च्या दशकात रेल्वे आली ती दोन बाजूंनी. एक लाइन किनाऱ्याने पालघर-डहाणूवरून सुरतेकडे, दुसरी कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे. जव्हार मधेच राहिलं.

त्याचा परिणाम आकड्यात बघा. १९०१ मध्ये जव्हार गावाची लोकसंख्या ३,५६७ होती, २०११ मध्ये शहराची सुमारे १२ हजार. ११० वर्षांत साडेतीन पटसुद्धा नाही. याच काळात आजच्या महाराष्ट्राची लोकसंख्या १.९४ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, म्हणजे जवळजवळ सहा पट.

लोकसंख्या: तीन सापळे

पहिला सापळा हद्दीचा. १९०१ चं जव्हार संस्थान ३१० चौरस मैलांचं आणि ४७,५३८ वस्तीचं. मोखाडा त्यात नव्हता, तो ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरला जोडलेला होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस विक्रमगड तालुका वेगळा झाला, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. नाव 'जव्हार'च, पण आकार दर वेळी वेगळा. १९९१ आणि २००१ चे तालुक्याचे आकडे शेजारी ठेवून 'लोकसंख्या घटली' असं लिहिलंत तर माणसं नाही, गावं घटलेली असतील.

दुसरा सापळा पद्धतीचा. १९०१ ची मोजणी एका रात्रीची होती, १ मार्चची, आणि तीही १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी वीस दिवस चालली.

तिसरा सापळा म्हणजे तोच पेन्सिलीचा प्रश्न. फेब्रुवारी! नियम असा की त्या वीसही दिवसांत जो घरी नसेल, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे भट्टीवर गेलेलं मोखाड्याचं कुटुंब भिवंडीच्या आकड्यात गेलं असेल. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत प्रगणक पोहोचलाच नसेल तर कुठेच नाही. वसतिगृहातली मुलं वसतिगृहातच मोजली जातात, त्यामुळे शहराच्या आकड्यात पाड्यांवरची मुलंही असतात.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटेल. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तेव्हापासून इथल्या कुपोषणाची टक्केवारी दर वर्षी चर्चेत असते. टक्केवारीच्या छेदात असतात वजन घेतलेली मुलं. सगळ्यात गरीब घरांतली मुलं जानेवारीत भट्टीवर असतील, तर ती अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. टक्का खाली येतो आणि आपण 'सुधारणा' लिहून मोकळे होतो. जूनमध्ये तीच मुलं परत येतात, टक्का चढतो, आणि आपण पावसाळ्याला दोष देतो. आजारपणाने टक्का चढतही असेल. पण कोणती मुलं मोजली हे न तपासता ते सांगता येणार नाही.

म्हणून लोकसंख्येच्या कुठल्याही तक्त्याखाली तीन ओळी लिहायची सवय लावून घ्या: मोजणीचा महिना, तेव्हाची हद्द, आणि त्या महिन्यात गावात कोण नसतं. तिसरी ओळ कुठल्याही पुस्तिकेत मिळणार नाही. त्यासाठी पाड्यावर एकदा दिवाळीआधी आणि एकदा फेब्रुवारीत जावं लागतं, आणि कुलूप लागलेली घरं मोजावी लागतात.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. महिना पुन्हा तोच. तुमच्यापैकी कुणाचं क्षेत्रकार्य त्या सुमारास या भागात असेल, तर ती कुलपं मोजून ठेवा. तुमच्या प्रबंधातला तो सगळ्यात उपयोगी तक्ता ठरेल.