मिसिसिपीच्या तळाशी

अमेरिकेतील सेंट लुईस शहराजवळ मिसिसिपी नदीवर ईड्स पूल आहे. मुख्य भार पोलादावर सोपवलेला हा जगातील पहिला मोठा पूल. तो ४ जुलै १८७४ रोजी खुला झाला. त्याला तीन कमानी आहेत. मधली सुमारे १५८ मीटर लांबीची, बाजूच्या दोन १५३ मीटरच्या.

कमान आपला भार दोन्ही टोकांकडे ढकलते, म्हणून तिचे पायथे जराही हलून चालत नाहीत. पुलाचे अभियंता जेम्स ईड्स तरुणपणी याच नदीत बुडालेल्या बोटींतील माल वर काढत. पुरात तळाची वाळूही वाहू लागते, हे त्यांनी तळाशी उतरून अनुभवले होते. त्यामुळे खांब थेट खडकावरच उभारायचे असे त्यांनी ठरवले. पूर्वेकडच्या खांबापाशी हा खडक पाण्याखाली सुमारे २८ मीटरवर होता.

बादलीतल्या पाण्यात पेला उपडा दाबला, तर आतली हवा पाण्याला अडवते. कॅसन म्हणजे असाच एक प्रचंड लोखंडी पेला. त्यावर दगडी खांब रचत जायचे आणि आत उतरलेल्या कामगारांनी वाळू उपसायची. पाणी आत येऊ नये म्हणून दाबाने हवा भरावी लागे. दर १० मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे खडकापाशी हवेचा दाब नेहमीच्या जवळजवळ चौपट झाला.

१८७० साली वर आलेल्या कामगारांचे सांधे असह्य दुखू लागले, कुणाचे पाय लुळे पडले. डझनाहून अधिक जण दगावले. त्यांची तपासणी करणारे डॉक्टर जॅमिने स्वतः खाली गेले, काही मिनिटांत वर आले आणि त्यांनाही पक्षाघाताचा झटका आला. दोष अतिश्रमाचा, असे मानून त्यांनी कामाचे तास कमी केले.

खरे कारण पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवले. जास्त दाबाखाली रक्तात अधिक नायट्रोजन विरघळतो. दाब एकदम उतरला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. उपाय साधा होता : दाब सावकाश उतरवणे.

दाबाखाली द्रवात वायू अधिक विरघळतो, हा हेन्रीचा नियम १८०३ पासून माहीत होता. पुलाच्या कामावर मात्र त्याची या दुखण्याशी सांगड घातली गेली नाही. वर्गात हा नियम शिकवताना सोडावॉटरच्या बाटलीबरोबर या कामगारांचीही आठवण करून द्यावी. त्यांनी खोदून काढलेल्या पायावर तो पूल आजही वाहतूक पेलतो आहे.