काटकसरीच्या हिशेबात न बसणारे त्रिकोण

अमेरिकी क्विल्टची गोष्ट बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेने सांगितली जाते. नव्या भूमीत आलेल्या गरीब वसाहतकरी बायकांनी एकही चिंधी वाया जाऊ दिली नाही, तुकड्याला तुकडा जोडला आणि त्यातून पांघरुणं झाली. गोष्ट मनाला भिडते, पण क्विल्टच्या सगळ्यांत ओळखीच्या घटकाशी तिचा मेळ बसत नाही. हा घटक म्हणजे चौरस कर्णावर कापून निघालेले दोन त्रिकोण, एक गडद आणि एक फिका, लांब बाजूने जोडून पुन्हा चौरस केलेले. 'ब्रोकन डिशेस', 'बेअर्स पॉ', 'ओशन वेव्ह्ज' हे ब्लॉक प्रामुख्याने याच घटकाच्या उलटसुलट मांडणीतून उभे राहतात. माझ्या मते हे त्रिकोण टंचाईची नव्हे, तर गिरणीने आणलेल्या सुबत्तेची खूण आहेत, आणि त्या सुबत्तेची किंमत शिवणारणीने नव्हे, दुसऱ्याच माणसांनी मोजली.

पुरावा कापण्याच्या हिशेबातच आहे. शिवून झाल्यावर २ इंचांचा दुरंगी चौरस हवा असेल, तर पाव इंच माया धरून मूळ चौरस २⅞ इंचांचे कापावे लागतात. अशा दोन रंगांच्या दोन चौरसांतून दोन दुरंगी चौरस निघतात. म्हणजे प्रत्येकामागे सुमारे सव्वाआठ चौरस इंच कापड लागतं आणि वर दिसतं फक्त चार. निम्म्याहून जास्त कापड मायेत जातं. असे १६ चौरस जोडून केलेल्या ८ इंची ब्लॉकला १३२ चौरस इंच कापड लागतं. तोच ब्लॉक एका अखंड तुकड्याचा ठेवला तर ७२ पुरतं. शिवाय कर्णाची कड उरेब येते, हात जरा जड पडला की ताणली जाते आणि चारही टोकं एका बिंदूत भेटत नाहीत. कापड वाचवायला निघालेलं कुणी हा मार्ग धरणार नाही. टंचाईतलं पांघरूण कसं असतं ते आपल्या गोधडीत दिसतं: जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर मोठेच्या मोठे पसरायचे, विरलेल्या जागी ठिगळ लावायचं आणि सगळं धावदोऱ्याने शिवून टाकायचं.

काळाचा दाखलाही हेच सांगतो. वसाहतींच्या काळातल्या मालमत्तेच्या याद्यांत ब्लँकेटं पुष्कळ, क्विल्ट मोजके, आणि तेही सधन घरांतले. त्रिकोण जोडणं तेव्हा इंग्लंडातही माहीत होतं. पण ब्लॉकमागून ब्लॉक करून क्विल्ट रचायची पद्धत अमेरिकेत जोमाने पसरली ती १८४० नंतर. त्याआधी दोन गोष्टी घडल्या होत्या. १७९३ मध्ये सरकी काढण्याचं यंत्र आलं, आणि १८२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला गिरण्या उभ्या राहून छापील सुती कापड साध्या घरांच्या आवाक्यात आलं. कापूस पिकवत होते दक्षिणेतले गुलाम. १८६० मध्ये त्यांची संख्या ४० लाखांच्या जवळपास होती. लोवेलच्या गिरण्या याच गुलामांच्या अंगावरचं जाडंभरडं कापडही विणत. हा संबंध त्या काळच्या बायकांच्या ध्यानात आला नव्हता असं मुळीच नाही. १८३६ मध्ये बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी स्त्रियांनी भरवलेल्या विक्रीजत्रेत पाळण्यातल्या बाळासाठी एक छोटा क्विल्ट ठेवला होता. त्यावर त्रिकोणांनी साधलेल्या चांदण्या होत्या, आणि मधल्या चांदणीवर शाईने लिहिलेल्या ओळी आईला विनवत होत्या: जिचं मूल ओढून नेलं जातं त्या गुलाम आईची आठवण ठेव. तो क्विल्ट आजही जपून ठेवलेला आहे. सुती त्रिकोणांवरच हे लिहावंसं वाटणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की कपडे बेतताना कात्रणं उरतातच. ती वापरली तर माया कितीही जावो, नुकसान काय? काही क्विल्टपुरतं हे खरं आहे. पण एकच गडद आणि एकच फिका रंग शेकडो त्रिकोणांत जिथे सारखा येतो, तिथे कापड मुद्दाम विकत आणलेलं असतं. कात्रणं इतकी एकसारखी उरत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरिबांचे क्विल्ट वापरून फाटले, संग्रहालयांत पोचले ते शोभेचे. हे मान्यच करावं लागतं, आणि म्हणूनच उरलेल्या क्विल्टची मोजदाद करून काही सिद्ध होत नाही. कापण्याचा हिशेब मात्र काय टिकलं यावर अवलंबून नाही. आणि गरिबांचे काही क्विल्ट टिकलेही आहेत. अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशजांनी शेतात वापरून विटलेल्या कामाच्या कपड्यांतून पांघरुणं केली. त्यांत रुंद पट्ट्या आहेत, एकात एक बसवलेल्या चौकटी आहेत, विजारीच्या पायाचे लांबच लांब तुकडे आहेत. बारीक त्रिकोणांची गर्दी क्वचितच. त्यांचं अप्रतिम सौंदर्य मुळात कापड न चिरण्यातून आलेलं आहे.

मग काटकसरीची गोष्ट एवढी घट्ट का बसली? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला आपल्या वसाहतकाळाची ओढ लागली. १९१५ मध्ये मारी वेब्स्टर यांचं आणि १९२९ मध्ये रूथ फिनली यांचं क्विल्टवरचं पुस्तक आलं, ते याच वातावरणात. लगेच महामंदी आली आणि पीठ व पशुखाद्याच्या सुती पिशव्या उसवून खरोखरच क्विल्ट शिवले जाऊ लागले. त्या दिवसांची काटकसर नंतर दोनशे वर्षांमागे नेऊन चिकटवली गेली. पण त्या पिशव्यांवरही उत्पादक फुलाफुलांच्या नक्ष्या छापून घेत होते, कारण आवडतं कापड पाहून बायका पिशवी निवडतात हे त्यांना कळलं होतं.