बंदराकडून हातखंब्याकडे

घराप्रमाणे गावालाही पुढचे दार असते. रत्नागिरीचे ते दार दीर्घकाळ पश्चिमेस, समुद्राकडे होते. १८२२ साली जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून येथे आले, तेव्हा मुंबईशी दळणवळण गलबतांचे. पुढे आगबोटी आल्या. मुंबईचा उतारू पडावातून किनाऱ्याला लागे आणि तेथून वर गावात येई. परंतु पावसाळ्यात बोटी बंद! मग भिस्त सारी आंबा घाटावर आणि पलीकडच्या कोल्हापूरवर. आज ज्यास आपण मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतो, त्याचे खरे महत्त्व या चार महिन्यांनीच प्रथम पटविले असावे, असे मला वाटते.

मुंबई-गोवा रस्ता मात्र गावात आलाच नाही. खाड्यांची रुंद मुखे टाळून तो सुमारे १३ किलोमीटर आतून, हातखंब्यावरून गेला. रस्ता बांधणाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच झाले. पण मग शहरच रस्त्याकडे चालू लागले. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव अशी वस्ती पूर्वेस सरकली. कोकण रेल्वेचा सबंध मार्ग १९९८ साली खुला झाला. तिचे स्थानकही कुवारबावासच. पुढे चौपदरीकरण निघाले, आणि त्याचा घाव बसला तो याच नव्या पेठेवर. जी दुकाने रस्त्याच्या ओढीने तेथे आली, त्यांनाच रस्त्याने मागे रेटले.

महामार्गाचा आरंभ मात्र आजही मिऱ्या बंदरापासूनच मोजतात. मुंबईच्या बोटीचा उतारू त्या किनाऱ्यावर कित्येक वर्षांत उतरलेला नाही.