मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी : कायदा कुणाला लागू होतो आणि ऊसतोड मजुराचं काय?

मतदानाच्या दिवशी कंपनीला सुट्टी द्यावीच लागते का? त्या दिवसाचा पगार कापता येतो का? आणि जो रोजंदारीवर आहे त्याचं काय? निवडणूक लागली की हे प्रश्न गावोगावी विचारले जातात. उत्तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ या कायद्यात आहे. त्यातलं कलम १३५-ब हे १९९६ साली दुरुस्ती करून घातलेलं आहे.

कलम छोटंच आहे. धंदा, व्यापार, कारखाना किंवा इतर कुठल्याही आस्थापनेत कामाला असलेल्या आणि लोकसभा किंवा विधानसभेला मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येकाला मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळाली पाहिजे. या सुट्टीपोटी मजुरी कापता येत नाही. ज्याला एरवी काम नाही तर पैसा नाही, अशा रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची, असं कलमात वेगळं लिहिलेलं आहे. म्हणजे ‘तू कायम नाहीस, तुला सुट्टी लागू नाही’ हे सुपरवायझरचं बोलणं चुकीचं आहे. काम एका मतदारसंघात आणि मत दुसऱ्या मतदारसंघात असेल, तरी हक्क जात नाही. निवडणूक आयोगाने हे रोजंदारीवाल्यांसह सगळ्यांसाठी स्पष्ट केलेलं आहे. चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आणि गावाकडे नाव असलेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

सूट एकच आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका होईल किंवा कामाचं मोठं नुकसान होईल, त्याला हे कलम लागू नाही. अशा ठिकाणी मतदानापुरती काही तासांची सवलत द्यावी, असं राज्य सरकारच्या परिपत्रकांत सांगितलेलं असतं. मतदान संपायच्या वेळेपर्यंत जो केंद्रावर रांगेत उभा राहिला त्याला मत देता येतं, त्यामुळे शिफ्ट सुटल्यावर पोचलात तरी परत फिरू नका. मतदार कार्ड सापडत नसेल तर यादीत नाव असल्यावर आधार कार्ड, फोटो असलेलं बँक पासबुक किंवा रोजगार हमीचं जॉब कार्डही चालतं.

आता दंडाचं बघा. सुट्टी न देणाऱ्या मालकाला होणारा दंड आहे जास्तीत जास्त पाचशे रुपये. एका कामगाराची दिवसाची मजुरीच आज बऱ्याच ठिकाणी तेवढी असते. मोठ्या कारखानदाराला या रकमेची भीती वाटावी, असं काही त्यात दिसत नाही.

पण आपल्या भागातला खरा प्रश्न वेगळाच आहे. हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाला कलमाचा आधार घेता येतो. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याने कुणाकडे सुट्टी मागायची? उचल मुकादमाकडून घेतलेली, मुकादमाचा करार वाहतूकदाराशी आणि ऊस जातो कारखान्याला. मालक कोण, इथंच घोळ आहे. मजुरी टनावर, त्यामुळे ‘दिवसाची मजुरी’ काढायची कशी हाही वाद. उलट एक दिवस तोड बंद ठेवली तर खाडा धरतात आणि पैसे वळते करतात. बीडचं जोडपं कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडात असेल, तर मतासाठी जाऊन-येऊन दोन-तीन दिवसांचा खाडा, वर दोघांचं भाडं. या हिशेबात मत महाग पडतं.

लोकसभेचं मतदान साधारण एप्रिल-मे मध्ये होतं, तोवर बहुतेक टोळ्या घरी आलेल्या असतात. विधानसभेचं तसं नाही. २०२४ ला मतदान होतं २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर.

मग उमेदवाराची गाडी फडावर येते. फुकट नेणं, फुकट आणून सोडणं. कायद्याने हे भ्रष्ट आचरण आहे. कलम १२३(५) प्रमाणे उमेदवाराने मतदारांना केंद्रावर ने-आण करायला वाहन पुरवता येत नाही आणि कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद व दंड आहे. तरी गाडीत बसणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला स्वतःच्या पैशाने येणं परवडत नाही. मात्र गाडी ज्याची, त्याचं ओझं मनावर राहतंच.

टपाली मतदान? निवडणूक ड्यूटीवरचे कर्मचारी, सैन्यातले जवान, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि ४० टक्के वा जास्त अपंगत्व असलेले मतदार अशांना ती सोय आहे. स्थलांतरित मजुराला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने अशा मजुरांसाठी दुरून मतदान करता येणारं यंत्र तयार असल्याचं जाहीर केलं. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असं ते यंत्र. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावलं, बऱ्याच पक्षांनी विरोध केला आणि गाडी तिथंच अडली.

एक गोष्ट मात्र मजुराच्या बाजूने पक्की आहे. तात्पुरतं बाहेरगावी गेल्याने माणूस गावचा रहिवासी राहत नाही, असं होत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये हे लिहिलेलं आहे. ‘घर बंद आहे, माणसं इथं राहत नाहीत’ म्हणून नाव वगळायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आधी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. अडचण अशी की नोटीस बंद घराच्या दारावर येते आणि माणूस फडात असतो. म्हणून टोळी निघायच्या आधी यादीत नाव बघून घ्या आणि गावच्या बीएलओला आपला चालू मोबाईल नंबर देऊन ठेवा. घरी म्हातारी माणसं असतील तर नोटीस आली की फोन करायला सांगा. नाव उडालंच असेल तर फॉर्म ६ भरून पुन्हा नोंदवता येतं. तोडीच्या ठिकाणी दुसरं नाव लावू नका. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे.

सुट्टी नाकारली किंवा पैसे कापले तर जिल्हा निवडणूक कार्यालयात किंवा कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मतदार यादीबद्दल काही विचारायचं असेल तर १९५० या नंबरवर फोन लावा.